मेल परत येतो? आधी पत्त्याची साक्ष तपासा

व्यापारात माल चांगला असून भागत नाही, मालाचा भाव गिऱ्हाइकापर्यंत वेळेवर पोहोचावा लागतो. पूर्वी हे काम पोस्टकार्ड आणि तार करीत असे. नंतर फोन आणि फॅक्स आले. आज ते काम बऱ्याच अंशी मेलकडे आले आहे. आमच्या शहरातील, म्हणजे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील जे व्यापारी परगावी व परदेशी माल पाठवतात, त्यांचे कोटेशन, बिल आणि बँकेचे कागद मेलनेच जातात. हा मेल वाटेतच अडला आणि आपल्याला त्याची खबरही लागली नाही, तर काय नुकसान होते ते आम्ही स्वतः भोगले आहे. म्हणून आज कापडाच्या भावाऐवजी या विषयावर लिहीत आहोत.

झाले असे. रमजानच्या दोन महिने आधी हैदराबादच्या एका जुन्या व्यापाऱ्याने हिमरूच्या शाली आणि काही थान यांचा भाव विचारला. पंधरा वर्षांचा संबंध. आम्ही त्याच दिवशी भाव पाठवला. उत्तर नाही. आठ दिवसांनी पुन्हा पाठवला. तरी उत्तर नाही. आम्ही मनाशी ठरवून टाकले की, यांना कुठे तरी स्वस्त माल मिळाला असणार आणि आता तोंड चुकवीत आहेत. दरम्यान दुसऱ्या कामासाठी हैदराबादला जाणे झाले, तरी त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. ईद झाल्यावर त्यांचाच फोन आला, "क्या भाईसाब, इत्ते नाराज हो गए? भाव पूछा तो जवाबच नहीं दिए!"

आम्ही थक्क झालो. तोपर्यंत त्यांनी यंत्रमागाचा तयार माल उचलला होता. शहरात हिमरूचे हातमाग आता मोजकेच उरले आहेत. त्यांतले दोन माग आम्ही या ऑर्डरच्या भरवशावर राखून ठेवले होते. त्या दोन विणकरांचे दीड महिन्याचे काम गेले ते गेलेच. चूक ना हैदराबादच्या व्यापाऱ्याची होती, ना विणकरांची. चूक आमच्या मेलच्या कागदपत्रांत होती.

मेल का अडला?

खर्च वाचावा म्हणून आम्ही मेलची व्यवस्था स्वतःची केली होती. दर पेटीमागे दरमहा पैसे भरण्यापेक्षा एक कॉम्प्युटर भाड्याने घेतला, त्यावर फुकट मिळणारे मेलचे सॉफ्टवेअर बसवले, दुकानाच्या नावाने पत्ते काढले. घरातील एका इंजिनिअर मुलाने हे काम दोन दिवसांत करून दिले. आमच्या आमच्यात मेल उत्तम चालत होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. बाहेरच्या जीमेलवाल्यांना पाठवलेला मेल मात्र कधी परत येई, कधी सरळ स्पॅमच्या पेटीत जाऊन पडे. परत आल्याची जी इंग्रजी सूचना येई, ती "मेलर-डीमन" या विचित्र नावाने येत असल्यामुळे दुकानातला मुलगा व्हायरस समजून पुसून टाकी.

शेवटी त्यातली एक सूचना नीट वाचून घेतली. तिच्यात ५५० ५.७.२५ असा आकडा होता. या आकड्याचा अर्थ असा की, ज्या क्रमांकावरून मेल आला त्या क्रमांकाची उलटी नोंद एक तर नाही, किंवा असली तरी ती जुळत नाही. या उलट्या नोंदीला जाणकार लोक "रिव्हर्स डीएनएस" अथवा "पीटीआर रेकॉर्ड" म्हणतात. आमचे सारे दुखणे तिथे होते.

नावाची वही आणि क्रमांकाची वही

ही बाब समजायला अवघड नाही. इंटरनेटवरील प्रत्येक कॉम्प्युटरला एक क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला क्रमांक लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. नावावरून क्रमांक शोधून देणारी जी व्यवस्था आहे ती डीएनएस. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने ती १९८३ साली मांडली. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तेव्हाही ती हीच व्यवस्था होती आणि आजही तीच आहे.

या व्यवस्थेत दोन वेगवेगळ्या वह्या आहेत असे समजावे. पहिल्या वहीत नावापुढे क्रमांक लिहिलेला असतो. ही वही नावाच्या मालकाच्या, म्हणजे आपल्या हातात असते. दुसऱ्या वहीत क्रमांकापुढे नाव लिहिलेले असते. ही वही क्रमांकाच्या मालकाच्या हातात असते. आणि क्रमांकाचे मालक आपण नसतो.

बाजारातले उदाहरण घ्या. आपण गाळा भाड्याने घेतला आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली. पाटी आपल्या पैशाची, तिच्यावर काय लिहावे ते आपल्या मर्जीचे. पण एखाद्या नव्या व्यापाऱ्याने उधार माल देण्यापूर्वी इमारतीच्या मालकाला जाऊन विचारले, "पंचवीस नंबरच्या गाळ्यात कोण बसते?" आणि मालक म्हणाला, "मला माहीत नाही, माझ्या वहीत फक्त गाळा नंबर पंचवीस एवढेच आहे", तर तो व्यापारी माल देईल काय? पाटी खरी असूनही तो परत फिरेल. जीमेलने आमच्याबाबतीत नेमके हेच केले. आमची पाटी होती, पण मालकाच्या वहीत आमचे नाव नव्हते.

नाव न जुळण्याचा त्रास आपल्या शहराला नवा नाही. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे बदलल्यापासून काहींच्या कागदांवर जुने नाव आहे, काहींच्या कागदांवर नवे. दोन्ही कागद खरेच असतात, पण टेबलावरच्या कारकुनाला दोन्हींवर एकच नाव हवे असते. मेल घेणारे कॉम्प्युटर या कारकुनापेक्षाही कडक आहेत. त्यांना समजावून सांगता येत नाही.

आमची चूक

आमच्या मुलाने उलटी नोंद केली नव्हती असे नाही. त्याने ती आमच्या डोमेनच्या, म्हणजे नावाच्या वहीत केली होती. तीन वेळा केली, तरी काही फरक पडेना. कारण ती वही उलट्या नोंदीसाठी कोणी उघडतच नाही. उलटी नोंद पाहणारा सरळ क्रमांकाच्या मालकाकडे जातो.

हा मालकीचा सिलसिला जाणून घेण्यासारखा आहे. आशिया व प्रशांत भागातील क्रमांकांचे वाटप एपनिक ही संस्था करते, तिचे कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. भारतापुरते हे काम आयआरआयएनएन पाहते, ती २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत येते. त्यांच्याकडून क्रमांकांचे गठ्ठे इंटरनेट पुरवणाऱ्या आणि कॉम्प्युटर भाड्याने देणाऱ्या कंपन्या घेतात. त्या कंपनीकडून एक क्रमांक आपल्याला वापरायला मिळतो. क्रमांकाबद्दलची साक्ष याच साखळीने खाली येते. म्हणून आपल्या क्रमांकाची साक्ष ती कंपनीच देऊ शकते, आपण स्वतः नाही.

दुरुस्ती क्रमाने कशी करावी

ज्यांनी अशी व्यवस्था केली आहे किंवा करण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पुढील क्रम आपल्या इंजिनिअरला दाखवावा आणि शेजारी बसून करून घ्यावा.

१) प्रथम क्रमांक कायमचा आहे की बदलता, हे विचारा. दुकानाच्या किंवा घरच्या साध्या ब्रॉडबँडला बहुधा बदलता क्रमांक असतो. पुष्कळदा तर एकच क्रमांक अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. अशा लाइनवरून मेल सर्व्हर चालवू नये. स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउससारख्या संस्था असे घरगुती क्रमांक वेगळ्या यादीत ठेवतात आणि ती यादी पाहून मेल नाकारला जातो. शिवाय मेल पाठवण्याचे जे २५ क्रमांकाचे पोर्ट असते, तेही अनेक कंपन्या बंद ठेवतात.

२) मेल सर्व्हरला एक पूर्ण नाव द्या. समजा ते मेल.एक्झाम्पल.कॉम आहे. आपल्या नावाच्या वहीत या नावापुढे क्रमांक लिहा, समजा २०३.०.११३.२५. ही सरळ नोंद आधी करावी, कारण ती झालेली नसेल तर अनेक कंपन्या उलटी नोंद करून देत नाहीत.

३) नंतर ज्या कंपनीने क्रमांक दिला तिच्याकडे जा. भाड्याच्या कॉम्प्युटरसाठी बहुतेक कंपन्यांच्या पॅनलमध्येच "रिव्हर्स डीएनएस" असा रकाना असतो, त्यात मेल.एक्झाम्पल.कॉम हे नाव भरावे. रकाना नसेल तर लेखी विनंती करावी. विनंतीत दोनच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, आपला क्रमांक आणि त्यापुढे हवे असलेले पूर्ण नाव. तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नये.

४) सर्व्हर स्वतःचे नाव काय सांगतो ते पाहा. एक सर्व्हर दुसऱ्याकडे गेला की प्रथम सलाम करून आपले नाव सांगतो, याला "हेलो" म्हणतात. आमच्या सर्व्हरने या जागी "लोकलहोस्ट" असे सांगितले होते. दारात येऊन "मी घरचाच" म्हणण्यासारखे ते झाले. पोस्टफिक्स सॉफ्टवेअर असेल तर "मायहोस्टनेम" या ठिकाणी पूर्ण नाव लिहावे. सरळ नोंद, उलटी नोंद आणि सलामाचे नाव ही तिन्ही एक असावीत.

५) कंपनीने आपल्या बाजूने आधीच काही नाव भरलेले असते. ते बहुधा क्रमांकाचेच आकडे जोडून केलेले असते. नोंद आहे म्हणून समाधान मानू नये. असे नाव पाहून समोरचा त्याला घरगुती लाइन समजतो. ते बदलून आपले नाव घालून घ्यावे. एका क्रमांकापुढे एकच नाव ठेवावे.

६) सर्व्हरला नव्या पद्धतीचा लांब क्रमांक, म्हणजे आयपीव्ही ६, मिळालेला आहे काय ते तपासा. ही गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. जुन्या क्रमांकाची नोंद सुधारल्यावरही काही मेल परतच येत होते, कारण सर्व्हर ते नव्या क्रमांकावरून पाठवीत होता आणि त्याची उलटी नोंद कोणी केलीच नव्हती. एक तर त्याचीही नोंद करावी, नाही तर सर्व्हरला फक्त जुन्या पद्धतीचा क्रमांक वापरायला सांगावे.

७) शेवटी खातरजमा करा. विंडोजमध्ये "एनएसलुकअप" आणि लिनक्समध्ये "डिग" अशी आज्ञा आहे. क्रमांक दिला की नाव आले पाहिजे, आणि तेच नाव परत दिले की तोच क्रमांक आला पाहिजे. बदल सर्वत्र पोहोचायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागू शकतात, तेव्हा घाईने पुन्हा पुन्हा बदल करू नये.

आमच्या कंपनीने पहिल्या विनंतीला चार दिवस उत्तर दिले नाही. दुसऱ्या वेळी परत आलेल्या मेलची सूचना जोडून पाठवली, तेव्हा एका दिवसात काम झाले. यातून धडा असा की, परत आलेली सूचना पुसू नये. तीच आपली पावती आहे. तिच्यात नेमके काय चुकले ते लिहिलेले असते.

एवढ्याने भागते काय?

उलटी नोंद हा पाया आहे, पण तेवढ्याने पूर्ण काम होत नाही. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर करून १ फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. कोणीही पाठवणारा असो, सरळ आणि उलटी नोंद बरोबर हवी, आणि त्याशिवाय एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवे. जे दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवतात त्यांना हे दोन्ही आणि वर डीमार्कही लागते.

ही नावे ऐकून घाबरू नये. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणकोणत्या सर्व्हरला आहे त्यांची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारी मोहर, ती वाटेत मजकूर बदलला तर जुळत नाही. डीमार्क म्हणजे या दोन्हींत काही खोट निघाली तर काय करावे याची सूचना. हे तिन्ही आपल्याच नावाच्या वहीत लिहायचे असतात, त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. आमच्या मते व्यापार लहान असला तरी तिन्ही करून ठेवावीत.

स्वतःचा सर्व्हर ठेवावा का?

हा प्रश्न बरेच बांधव विचारतात. आमचा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही महिन्याला काही शे रुपये वाचवले आणि एका हंगामाची ऑर्डर घालवली. ज्यांच्याकडे रोज देखरेख करणारा जाणकार माणूस आहे त्यांनी खुशाल ठेवावा. इतरांनी डोमेनचे नाव तेवढे स्वतःच्या मालकीचे ठेवावे आणि मेलची सेवा पैसे देऊन घ्यावी. तिथे उलटी नोंद ती कंपनीच सांभाळते. मधला मार्गही आहे. सर्व्हर आपला ठेवून बाहेर जाणारा मेल एखाद्या भरवशाच्या रिले सेवेमार्फत पाठवता येतो. मग समोरचा आपला क्रमांक न पाहता त्या सेवेचा क्रमांक पाहतो. आम्ही सध्या हाच मार्ग धरला आहे.

मात्र काहीही करा, डोमेनची नोंदणी दुकानाच्या मालकाच्या नावावर असावी. ती इंजिनिअरच्या, भाच्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर राहू देऊ नये. दुकानाचा भाडेकरार आपण दुसऱ्याच्या नावाने करत नाही, मग ही बाब सैल का सोडावी?

साक्ष आणि बदगुमानी

काही बांधव म्हणतील, आम्ही इमानदार व्यापारी, आमच्याकडून असा पुरावा मागणे म्हणजे संशय घेणे आहे. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण मेलचे मूळ नियम १९८२ साली लिहिले गेले, तेव्हा पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानले जाई. त्या भरवशाचा फायदा ठगांनी घेतला. आज बँकेच्या नावाने, सरकारी खात्याच्या नावाने, ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने खोटे मेल येतात आणि लोक लुटले जातात. तेव्हा साक्ष मागणारा आपलेही रक्षण करीत असतो.

आणि आपल्याला तर ही गोष्ट परकी वाटू नये. कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्यावर साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. हदीसच्या विद्वानांनी मजकुराइतकीच सनद तपासली. अमुक माणूस म्हणतो की मी अमुक उस्तादाकडून ऐकले, तर त्या दोघांची भेट झाल्याचे सिद्ध आहे काय, हे इमाम बुखारी (रह.) पाहत असत. नुसता दावा पुरेसा नाही, दुसऱ्या बाजूची साक्ष हवी, हे तत्त्व आपल्या घरचेच आहे.

पण एक दुसरी शिकवणही आहे आणि ती आम्ही विसरलो होतो. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. उत्तर आले नाही म्हणून आम्ही पंधरा वर्षांच्या संबंधितावर वाईट गुमान केले. त्याच्या गावी जाऊन त्याला सलाम न करता परत आलो. एक फोन केला असता तर दोन मागांचे काम वाचले असते. सर्व्हरची चूक एका दिवसात दुरुस्त झाली, या चुकीसाठी मात्र आम्हाला पुन्हा हैदराबादला जावे लागले. त्यांनी चहा पाजला, हसून विषय सोडून दिला, आणि पुढच्या हंगामासाठी थोड्या शालींची ऑर्डर दिली. मोठी नाही, पण एका मागाला पुरेल इतकी.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची दोन गोष्टींची विनंती आहे. आजच आपल्या इंजिनिअरला बोलावून क्रमांकावरून नाव आणि नावावरून क्रमांक जुळतो की नाही ते तपासून घ्या. आणि महत्त्वाचे कोटेशन पाठवले की त्याच दिवशी फोन करून "पोहोचले का?" एवढे विचारा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि व्यवहारात सचोटी देवो. आमीन.